शेजारच्या वर्गातला मागचा बाक : प्राध्यापकांनी एकमेकांच्या तासाला बसावं का?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. वर्षभर हे लिहायचं मनात होतं. आता परीक्षेच्या सुपरव्हिजनमधून थोडी सवड मिळाली म्हणून बसले.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी १७ वर्षं डिग्री कॉलेजात फिजिक्स शिकवते. नोकरी लागल्यापासून एक ओरिएंटेशन, तीन रिफ्रेशर आणि आठवडाभराच्या कितीतरी कार्यशाळा केल्या. 'विद्यार्थीकेंद्री अध्यापन' हा विषय त्या प्रत्येकात होता. तिथून परत येताना मनाला उभारी असायची, हे खरं सांगते. पण सोमवारी एफवायच्या शंभरेक पोरांसमोर उभं राहिलं, जमिनीत बसवलेले लांब बाक दिसले, डायरीतला राहिलेला पोर्शन आठवला, की हात आपोआप खडूकडे जायचा. मग मला जे येत होतं तेच मी करायचे. उत्तम अक्षरात फळा भरायचा आणि मध्ये मध्ये 'समजलं का?' विचारायचं.

गेल्या जूनमध्ये आम्ही सहा जणांनी ठरवलं, की आठवड्यातला एक ऑफ तास दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर काढायचा. फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, बॉटनी, इंग्रजी, कॉमर्स आणि मॅथ्सची एक सीएचबीवरची (तासाप्रमाणे मानधनावर शिकवणारी) मुलगी. विषय वेगळे होते, त्याने उलट बरंच झालं. स्टॅटिस्टिक्सचे सर मला फिजिक्समधली चूक दाखवायला येणार नव्हते, त्यामुळे धाकधूक कमी होती.

तेच सर पहिल्यांदा माझ्या तासाला बसले. तास संपल्यावर चहा घेताना म्हणाले, "मॅडम, तुम्ही 'समजलं का' असं अकरा वेळा विचारलंत. माझ्या बाकावरच्या चौघी अकराही वेळा हो म्हणाल्या. त्यातल्या दोघींच्या वहीत बलाचा बाण उलट्या दिशेला होता."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाण मी फळ्यावर बरोबर काढला होता. वहीत तो उलटा उतरत होता आणि १७ वर्षांत मला ते कळायला काही मार्गच नव्हता, कारण मी कायम फळ्यापाशी उभी.

पुढचा तास आम्ही दोघांनी मिळून आखला. प्रत्येकाने वहीचं एक पान चौघडी घालून त्यावर अ, ब, क, ड मोठ्ठं लिहायचं. मी प्रश्न टाकला : दगड सरळ वर फेकला. सगळ्यात उंच बिंदूला त्याचा प्रवेग किती? बोलायचं नाही, आपलं उत्तर छातीशी धरायचं. वर्गावर नजर टाकली तर दर दहातल्या सात जणांनी 'शून्य' धरलेलं. हीच मुलं बारावीला ९.८ लिहून आलेली. मी उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, शेजारच्याला पटवून द्या, तीन मिनिटं.

गलका झाला. एकटी असते तर मी घाबरून लगेच थांबवला असता, कारण बाहेरून कुणी गेलं तर म्हणणार, मॅडमना वर्ग आवरत नाही. पण सर बाकांमधून फिरत होते, त्यांनी मला खुणेनं सांगितलं, चालू द्या. तिसऱ्या रांगेत एक मुलगी, जी वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, मैत्रिणीला सांगत होती, "अगं, वेग पण शून्य आणि प्रवेग पण शून्य झाला, तर दगड तिथंच लटकत राहंल की!"

पुन्हा पानं वर आली तेव्हा बहुतेकांचं उत्तर बदललेलं होतं. इतकं नेमकं आणि सोपं वाक्य मी स्वतः या मुद्द्यावर कधी बोलले नव्हते.

ही रीत आमची नाही. हार्वर्डचे भौतिकीचे प्राध्यापक एरिक माझुर १९९१ पासून असं शिकवू लागले. त्याआधी ते नामांकित व्याख्याते होते. बल आणि गती यावरची साध्या भाषेतली चाचणी त्यांनी वर्गाला दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मी एरवी विचार करते तसं? पहिल्या खेपेला ३० ते ७० टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल तेव्हाच चर्चेतून खरं काही हाती लागतं, हे त्यांचं निरीक्षण आम्हालाही फार उपयोगी पडलं. सगळ्यांनाच येत असेल तर बोलायला काही नसतं, आणि कुणालाच येत नसेल तर पटवून देणार कोण?

कार्यशाळेत हे सगळं मी आधीच ऐकलेलं होतं. उतरलं मात्र तेव्हाच, जेव्हा मागच्या बाकावर आपला माणूस बसला. म्हणून विचारते, तुमच्याकडे कुणी असं करतं का? काय अडतं?

निवांत_पाटील | रविवार, रात्री ११:०५

मॅडम, मनापासून लिहिलंत. मी केमिस्ट्रीचा, २२ वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी मीही गटचर्चा चालू केली होती, अगदी उत्साहाने. चौथं युनिट राहिलं. विद्यापीठाच्या पेपरात १० मार्कांचा प्रश्न नेमका त्यातूनच आला. त्या वर्षी माझ्या विषयाचा निकाल घसरला आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला त्याचं कारण विचारलं गेलं. मुलं तर दुसऱ्याच आठवड्यापासून म्हणत होती, सर, इम्पॉर्टंट प्रश्न कधी देणार? परीक्षा पाठांतराची आणि शिकवणं चर्चेचं, यात पोरं भरडली जातात, असं माझं ठाम मत झालं. तुमचा पोर्शन कसा पूर्ण झाला, हे प्रामाणिकपणे सांगाल?

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ७:३०

पाटील सर, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्या इंग्रजीच्या मॅडमनी माझ्या एका तासाचं टिपण केलं होतं, कुठल्या मिनिटाला काय चाललंय याचं. ४८ मिनिटांतली १९ मिनिटं मी व्याख्या आणि गुणदोष डिक्टेट करत होते! ते सगळं आता दोन पानांत टाइप करून झेरॉक्सच्या दुकानात ठेवते, वर्गाच्या ग्रुपवर पीडीएफही टाकते. त्या १९ मिनिटांत एक प्रश्न आणि त्यावरची चर्चा आरामात बसते. अख्खा तास चर्चेला दिला असता तर माझाही पोर्शन राहिला असता.

तरी दोन टॉपिक मागे पडलेच. डिसेंबरात सकाळी ८ ला चार जादा तास घेतले. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

मृण्मयी_द | सोमवार, दुपारी १:१५

ताई, धाग्याबद्दल खूप धन्यवाद. मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. पाटील सरांसाठी थोडी आकडेवारी देते, कारण 'चर्चेने निकाल घसरतो' ही भीती मलाही होती.

रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या ६२ कोर्सेसमधली ६,५४२ मुलं तपासली. सगळ्यांना बल-गतीची तीच किंवा तशीच चाचणी, शिकवण्याआधी आणि नंतर. सुधारणेला जेवढा वाव होता, त्यातला नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांनी सरासरी २३ टक्के गाठला आणि चर्चा-कृतीच्या वर्गांनी ४८ टक्के. पुढे २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकीतले २२५ अभ्यास एकत्र केले. व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, कृतिशील वर्गांत २१.८ टक्के. परीक्षा तिथल्या नेहमीच्याच होत्या.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर आयआयटी मुंबईचं आहे. पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात 'आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्यांसमोर' ही पद्धत वापरून त्यांनी मागे बसून मुलांची निरीक्षणं नोंदवली. सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली आढळली. मोठ्या वर्गात हे जमत नाही, असं मी त्यानंतर म्हणणं सोडलं.

आणि एक सांगायलाच हवं. हार्वर्डमधल्याच २०१९ च्या एका अभ्यासात मुलं चर्चेच्या तासात जास्त शिकली, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की कमी शिकलो. गुळगुळीत व्याख्यान ऐकलं की सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि डोकं चालवायला लागलं की आपल्याला काही येत नाही असं वाटतं. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात मुलांनी इम्पॉर्टंट मागितले, यावरून तुमची पद्धत चुकली असं ठरत नाही, सर. मी आता पहिल्याच तासाला मुलांना हा निष्कर्ष सांगून टाकते.

एसटीतला_मास्तर | सोमवार, रात्री ९:४८

सगळं वाचलं. पटलंही. पण माझी बाजू कुणीतरी ऐकावी म्हणून लिहितो.

मी सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास, सीएचबीवर, आठवं वर्ष. दोन कॉलेजं आणि एक ज्युनियर कॉलेज करतो. माझा ऑफ तास एसटीत जातो. मला तासाचे पैसे मिळतात, दुसऱ्याच्या वर्गात बसल्याचे नाही. चहाला थांबलो तर साडेतीनची गाडी चुकते.

दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी आहे. तुमच्याकडे सहकारी मागच्या बाकावर बसतो. माझ्याकडे विभागप्रमुख बसले तर ती तपासणीच असते, कारण पुढच्या जूनला मला पुन्हा बोलवायचं की नाही हे त्यांच्या शब्दावर आहे. मी अशा वेळी प्रयोग करीन का? जो तास मला झोपेतही येतो तोच घेईन.

आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) वेळचं काय सांगू. 'विद्यार्थीकेंद्री पद्धतींचा वापर' याचा पुरावा हवा म्हणून एका दुपारी बाक गोल करून मुलांना बसवलं, जिओटॅगचे फोटो काढले, अहवाल लिहिला आणि बाक पुन्हा सरळ केले. त्यातल्या एका मुलाने विचारलं, "सर, आता चर्चा करायची का?" मी त्याला काय उत्तर देणार होतो? ते अजून मनातून जात नाही.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११:२०

दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

आमच्या सहा जणांत मॅथ्सची जी मुलगी होती, तिने पहिल्याच बैठकीत साधारण हेच सांगितलं. त्यावरून आमचे नियम ठरले. पहिले दोन महिने फक्त परमनंट लोकांनी आपले वर्ग उघडे ठेवायचे, तिने आमच्या तासांना यायचं. तिच्या वर्गात कुणी जायचं नाही, ती स्वतः बोलवेपर्यंत. तिने ऑगस्टच्या शेवटी बोलावलं. कशाचीही फाईल करायची नाही, फोटो नाही, आयक्यूएसीला (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला) अहवाल नाही. प्राचार्यांना आम्ही तोंडी कल्पना दिली आणि त्यांनीही कागद मागितला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आणखी एक पाळलं, ज्याने फार फरक पडला : येणाऱ्याने शिकवणाऱ्याकडे बघायचं नाही. एक बाक निवडायचा, त्यावरच्या तीन-चार मुलांच्या वह्या, त्यांची कुजबुज, त्यांचं लक्ष कुठल्या क्षणी सुटतं, एवढंच टिपायचं. जपानी शाळांत शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे मुलांना न्याहाळतात, ती पद्धत मी वाचली होती. चहाला आधी शिकवणारा बोलणार, मग पाहुणा, आणि पाहुण्याने फक्त पाहिलेलं सांगायचं. 'तुम्ही असं करायला हवं होतं' हे वाक्य वर्ज्य.

तासाच्या पैशांचा प्रश्न आमच्या हातातला नव्हता. तिला कामाच्या वेळेबाहेर थांबायला लावायचं नाही, एवढं आम्ही कटाक्षाने पाळलं. हे पुरेसं नाही, याची जाणीव आहे. कायम जागांची भरती व्हायलाच हवी.

पश्चिमकिनारा | मंगळवार, पहाटे ५:०२

व्हँकुव्हरहून लिहितोय, मूळचा साताऱ्याचा. इथल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २००७ मध्ये कार्ल वायमन यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. वायमन म्हणजे २००१ चे भौतिकीचे नोबेल विजेते. त्यांनी सगळा भर विभागावर दिला. पैसे विभागाला, आणि प्रत्येक विभागात त्याच विषयात पीएचडी केलेली, शिकवण्याच्या संशोधनात तयार झालेली माणसं नेमली. ती माणसं एका प्राध्यापकाबरोबर एक अख्खा कोर्स घेऊन बसत : मुलांनी शेवटी काय करू शकायला हवं ते ठरवायचं, प्रश्न तयार करायचे, तासाला हजर राहायचं. नव्या प्राध्यापकाला अनुभवी माणसाबरोबर एकच वर्ग मिळून शिकवायला देणं, हाही त्यातला भाग.

तुमच्यासारखा छोटा गट म्हणाल, तर ओहायोतल्या मायामी विद्यापीठात मिल्टन कॉक्स १९७९ पासून तो प्रकार चालवत आले. वेगवेगळ्या विभागांतले आठ-बारा जण, पूर्ण वर्षभर, नियमित भेटी. वर्षभर हा शब्द महत्त्वाचा. माणूस जुन्या सवयीकडे परत जातो तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, पहिला प्रयोग फसल्यावर. त्या वेळी गट लागतो.

गोदामाई | मंगळवार, सकाळी ११:४०

कलाशाखेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी अर्थशास्त्राची, निफाड तालुक्यात. माझ्या वर्गात निम्मी मुलं कांदा पिकवणाऱ्या घरातली, लासलगावचा भाव मोबाईलवर बघून वर्गात येणारी.

मी आणि कॉमर्सचे सर एकमेकांच्या तासाला बसलो, तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट सापडली. भाव उतरल्यामुळे लोक जास्त कांदा घेतात, त्याला मी 'मागणीचा विस्तार' म्हणते. भाव तोच राहून लग्नसराईमुळे जास्त खपतो, तेव्हा 'मागणीतील वृद्धी'. सर दोन्हीला सरसकट 'मागणी वाढली' म्हणत होते. काही मुलं आम्हा दोघांकडेही असतात, ती दोन्ही वह्यांत दोन वेगळ्या गोष्टी लिहीत होती आणि कुणालाच विचारत नव्हती. किती वर्षं हे चाललं असेल!

मग आम्ही दोघांनी मिळून एक तास घेतला. मुलांना आपल्या घरचेच प्रसंग लिहून आणायला सांगितले आणि बाकाबाकाने वाटणी करायला लावली, विस्तार की वृद्धी. एका मुलाने विचारलं, "निर्यातबंदी झाली की भाव पडतो आणि इथं खप वाढतो, मग हे कशात टाकू? बाहेरची मागणी तर गेली." आम्ही दोघेही फळ्यापाशी उभं राहून विचारात पडलो. पोरांसमोर दोन शिक्षक एकमेकांशी वाद घालत वक्ररेषा काढताहेत, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

टीवाय_बीएस्सी | मंगळवार, रात्री ८:१५

मी विद्यार्थिनी आहे, इथे लिहिलं तर चालेल ना?

आमच्या एका मॅडमनी मागच्या वर्षी असं शिकवायला सुरुवात केली. पहिला महिना मला आवडलं नाही. वाटायचं, फी भरून आम्हीच एकमेकांना शिकवायचं? नोट्सही नव्हत्या. शिवाय माझ्या शेजारी इंग्लिश मीडियमची मुलगी. ती फाडफाड बोलायची, मी मान हलवायची. मी दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि आश्रमशाळेत शिकलेली.

मग मॅडमनी सांगितलं, चर्चा ज्या भाषेत येते त्या भाषेत करा, लिहिताना इंग्रजीत आणू, मी मदत करते. त्यानंतर मी बोलायला लागले. कळलं की तिला शब्द येतात पण कारण येत नाही, आणि मला कारण येतं पण शब्द येत नाहीत. आम्ही दोघी आता एकत्र अभ्यास करतो.

सर-मॅडम लोकांना एक विनंती. जोड्या बदलत राहा. आणि 'कोण सांगेल?' असं विचारू नका, तेच पाच जण हात वर करतात.

निवृत्त_नाना | बुधवार, सकाळी ६:५०

बाळ, तू लिहिलंस ते सगळ्यात मोलाचं.

मी प्राचार्य म्हणून निवृत्त झालो. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांपर्यंत शिक्षण नेलं ते मुलाला मध्यभागी ठेवूनच. कोल्हापुरात लीलाताई पाटलांच्या सृजन आनंद विद्यालयात शिक्षक एकत्र बसून रोजच्या कामाचा विचार करत. आम्ही कॉलेजवाल्यांनी त्यांच्याकडे 'बालवाडी, प्राथमिक' म्हणून पाहिलं आणि शिकायचं राहून गेलं. याची मला खंत आहे.

प्राचार्यांनी एवढं करावं : टाइमटेबल लावतानाच आठवड्यातला एक तास सगळ्यांना सामाईक मोकळा ठेवावा, आणि सीएचबीच्या माणसाला तो तास मानधनात धरता येतो का ते संस्थेकडे भांडून पाहावं. मी एकदा भांडलो होतो. एका वर्षापुरतं मिळालं.

निवांत_पाटील | बुधवार, सकाळी ८:०५

काल रात्री बराच विचार केला. आज सव्वाअकराला एसवायचा तास आहे, रासायनिक समतोल. झूऑलॉजीच्या मॅडमना मागच्या बाकावर बसायची विनंती केली, त्या लगेच हो म्हणाल्या. दहा मिनिटांचा एकच प्रश्न टाकणार आहे. कुठला टाकू?

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ८:४०

सर, किती बरं वाटलं! केमिस्ट्री माझा विषय नाही, पण हे विचारून बघा : समतोल साधल्यावर अभिक्रियेचं काय होतं? पर्याय : पूर्ण थांबते, फक्त पुढची थांबते, फक्त उलटी थांबते, दोन्ही सारख्याच वेगाने चालू राहतात. आणि मॅडमना सांगा, एकाच बाकावर लक्ष ठेवा.

निवांत_पाटील | बुधवार, दुपारी ३:३०

झाला तास. ६४ मुलं होती. पहिल्या खेपेला ४१ जणांनी 'पूर्ण थांबते' धरलं. मागच्या आठवड्यातच यांना व्याख्या उतरवून दिली होती, 'गतिक समतोल' हा शब्द वहीत अधोरेखित करायला लावला होता. मला खाली बसावंसं वाटलं. चर्चेनंतर १८ राहिले.

मॅडमनी शेवटून दुसरा बाक धरला होता. तिथला एक मुलगा आधी दोन उलटसुलट बाण काढून दोन्हीवर फुली मारून बसला होता. शेजारच्याने त्याला सांगितलं, "आपल्या स्टँडवर जेवढ्या गाड्या लागतात तेवढ्याच सुटतात, तर स्टँड भरलेलाच दिसतो, पण गाड्या थांबल्या का?" त्याने फुल्या खोडल्या आणि दोन्ही बाण सारख्या लांबीचे केले. मॅडमनी तो कागद मला आणून दिला, टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

शुक्रवारी मी त्यांच्या तासाला बसणार आहे, मेंडेलचे नियम. मृण्मयी, गोदामाई, कुणाकडे यावर चांगला प्रश्न आहे का? उद्या संध्याकाळपर्यंत हवाय.